आवक रजिस्टर

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी सँड प्लांट बघतो. ओतकामाला लोखंड लागतं हे कुणालाही कळतं, वाळू किती लागते हे मात्र घरच्यांनाही सांगून पटत नाही. मोल्डची, म्हणजे ओतायच्या साच्याची, वाळू आम्ही पुन्हा पुन्हा फिरवतो. पण दर फेरीला थोडं बेंटोनाईट, म्हणजे वाळू धरून ठेवणारी माती, उष्णतेनं मरतं, कणांवर त्याचं कवच चढतं, वर फुटलेल्या कोअरची, म्हणजे कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेल्या वाळूच्या ठोकळ्याची, वाळू मिसळते. मग नवी घालायची आणि तेवढी जुनी काढून टाकायची. रोज दोन डंपर जायचे. ठेकेदार म्हणायचा, वीटभट्टीला देतो. मी चलनावर सही करायचो.

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारे शेतकरी लुनावर खताचं पोतं घेऊन गेटवर आले. वॉचमन आत सोडेना. मी बाहेर गेलो तर त्यांनी पोतं माझ्या बुटांपाशीच रिकामं केलं. ओली, काळी वाळू.

"तुमचीच हाय न्हवं ही?"

"मामा, शिरोलीत फौंड्री काय आमची एकटीच आहे?" हे उत्तर माझ्या तोंडात तयारच असायचं.

ते वाद घालत बसले नाहीत. ढिगातून मुठीएवढा कोअरचा तुकडा उचलून माझ्या हातावर ठेवला. त्यावर पार्ट नंबर होता, उलट्या अक्षरांत. कोअरवर तो उलटाच असतो, कास्टिंगवर सुलट उमटतो. तो पार्ट आमच्याशिवाय कुणीच ओतत नव्हतं.

त्यांच्या मागोमाग गेलो. ओढ्याच्या काठानं वाळूचे ढीग, निम्मी मोरी बुजलेली, आणि कोअर घट्ट करणाऱ्या रेझिनचा तो उग्र वास. रोज नाकात असतो म्हणून कारखान्यात जाणवत नाही. उसाच्या बांधावर मात्र डोकं उठलं.

"2019 ला पुरानं हायवे बंद पडला, तवा आमचा ऊसबी पाण्यात हुता," मामा म्हणाले. "पंचगंगेला काय बोलायचं? पर ही मोरी तुम्ही बुजवलीसा."

ठेकेदाराला फोन लावला. "साहेब, भट्टीवाले गुठळ्या असलेली वाळू घेत नाहीत. मग कुठं टाकू?" त्याचा राग आला खरा, पण इतक्या वर्षांत मी एकदाही भट्टीवर जाऊन बघितलं नव्हतं.

पुढे नॉकआउटलाच, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढतानाच, कोअरच्या गुठळ्या वेगळ्या काढायला लागलो. गंमत म्हणजे वास मारणारी कोअरची वाळूच जास्त कामाची निघाली: तिच्यात माती नसते, भट्टीत तापवली की रेझिन जळून जातं आणि वाळू पुन्हा कोअरला चालते. छळलं ते मोल्डच्या काळ्या वाळूनं. पेव्हर ब्लॉकच्या पहिल्या घाण्यात क्रश सँडच्या जागी सगळी तीच घातली. बेंटोनाईटनं पाणी ओढलं आणि ब्लॉक हातात भुगा झाले. प्रमाण उतरवत उतरवत जमवायला पावसाळा गेला.

त्या दिवशी मात्र एवढंच केलं. मालकांशी बोललो, जेसीबी मागवला आणि मोरी मोकळी केली. अंधार पडताना पहिला डंपर काट्यावर चढला. गेटवरचा पोरगा रजिस्टर उघडून बसला होता.

"साहेब, जाताना 'टाकाऊ वाळू' लिहिलंय. आता आवकमध्ये काय लिहू?"

"तेच लिही," मी म्हटलं. "तारीख तेवढी आजची घाल."