पद्मपाणीचा खरा रंग कोणता?

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गाला अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील भिंतीवर रंगवलेला, हाती कमळ घेतलेला बोधिसत्त्व पद्मपाणी दाखवावा, म्हणून मी इंटरनेटवरून त्याचे छायाचित्र घेऊन प्रोजेक्टरवर लावले. ग्रंथालयातील जुने पुस्तक उघडून बसलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, पुस्तकातला पद्मपाणी लालसर आहे आणि पडद्यावरचा हिरवट. मग खरा रंग कोणता?" मला खात्रीने उत्तर देता येत नव्हते. त्या तासिकेला वहीत रेखाटन करून घ्यायचे ठरवले होते, ते बाजूला राहिले आणि या एका प्रश्नाने पुढच्या सात तासिका घेतल्या.

शाळेत प्रोजेक्टर आल्यावर पहिली दोन वर्षे मी त्याचा उपयोग फळ्यासारखाच केला होता. चित्र लावायचे, मुलांनी ते उतरवायचे, आणि चाळीस वह्यांत चाळीस सारखी चित्रे जमा व्हायची. शोधाधारित अध्ययनाविषयी प्रशिक्षणात ऐकले होते; पण विज्ञानात प्रयोग असतो, इतिहासात साधने असतात, चित्रकलेत मुलांनी नेमके शोधायचे काय, हे मला उमगत नव्हते.

सुरुवात आम्ही गेरूपासून केली. कागदावर गेरूचा एक पट्टा ओढून प्रत्येक गटाने त्याचे छायाचित्र मैदानातील उन्हात, वर्गातील ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या दिव्याजवळ अशा तीन ठिकाणी मोबाइलवर काढले. पट्टा एकच, पण रंग तीन आले. पट्ट्याशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून पुन्हा छायाचित्रे काढल्यावर मुलांच्या लक्षात आले की कॅमेरा पांढऱ्याला पांढरे दाखवण्याच्या खटपटीत बाकीचे रंगही सरकवतो. त्यानंतर मी त्यांना भिंतीचा इतिहास सांगितला. हैदराबादच्या निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावून या चित्रांची डागडुजी करून घेतली. त्या वेळी चढवलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला. पिवळ्या थराखालचा निळा रंग हिरवट दिसणारच, हे मुलांनी पारदर्शक पिवळा कागद निळ्या रंगावर धरून स्वतः पाहिले.

खरे काम मात्र मातीत झाले. आमचा भाग काळ्या जमिनीचा. तरीही मुलांनी शेताच्या बांधावरची, विहिरीच्या खोदकामातली आणि ओढ्याकाठची मिळून अकरा प्रकारची माती आणली. माती खलबत्त्यात कुटून, मलमलच्या फडक्यातून गाळून, पाण्यात निवळू देऊन तळाशी बसलेला गाळ डिंकाच्या पाण्यात कालवला. त्यात गेरू, पिवडी, चुना आणि दिव्यावर धरलेली काजळी यांची भर पडली. मोबाइलला लावायच्या छोट्या भिंगातून हे रंग आणि बाटलीतला पोस्टर कलर शेजारी शेजारी पाहिले, तर मातीच्या रंगात लहानमोठे कण वेगळे दिसत होते. हा रंग ब्रशखाली किंचित खरखरतो, असे आदल्याच दिवशी एक मुलगा म्हणाला होता. त्याचे कारण आता त्याला डोळ्यांनी दिसले. माझ्या मते उपकरणाची वर्गातली जागा हीच आहे: आधी हाताला काहीतरी जाणवावे आणि मग डोळ्याने भिंगाकडे जावे.

रंगपट्टीत निळा मात्र कुठल्याच मातीतून येईना. अजिंठ्यातील निळ्या रंगासाठी वापरलेला लाजवर्द दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतला आहे. मुलांनी संगणकावरील नकाशात अंतर मोजले, तेव्हा ते सरळ रेषेतच सुमारे १८०० किलोमीटर भरले. पाचव्या शतकात हा दगड इथवर कोणत्या वाटेने आला असेल, यावर ती तासिका संपूनही चर्चा थांबली नाही. एका मुलाने आजीकडून कपड्यांना घालायच्या निळीची जुनी पुडी आणली. अशा भुकटीतला निळा रंग १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये कृत्रिमरीत्या तयार करण्यात यश आले आणि रासायनिक दृष्ट्या तो लाजवर्दाच्या निळ्याचाच भाऊ आहे, हे शोधताना मलाही नव्याने कळले.

या काळात एलिमेंटरी परीक्षेच्या सरावाचे दोन तास बुडाले आणि काही पालकांनी त्याविषयी विचारणा केली. त्यांची काळजी मी समजू शकते. तो सराव आम्ही पुढे शनिवारी भरून काढला. पण आयते चित्र शोधून उतरवण्यासाठी मोबाइल मागणारी हीच मुले आता त्याच्या पडद्यावरच्या रंगावर शंका घेतात, हे मला अधिक मोलाचे वाटते.

जानेवारीत आम्ही लेणी पाहायला गेलो. आत फ्लॅश वापरायला मनाई असते आणि प्रकाशही मंद ठेवलेला असतो. मुलांनी स्वतः बनवलेल्या रंगांची पट्टी कठड्याबाहेरूनच पद्मपाणीच्या दिशेने धरली आणि कोणता रंग भिंतीशी जुळतो ते पाहू लागली. प्रश्न विचारणारी ती मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने पट्टीवरच्या गेरू आणि काजळीच्या मधल्या एका मिश्रणावर बोट ठेवले आणि म्हणाली, "हा जवळचा आहे, बाई. पण पुस्तकातही नाही आणि मोबाइलमध्येही नाही."