भात्याचा हात: पाचव्या महिन्याची नोंद

88 पट्ट्यांचा डिजिटल पियानो गंगापूर रोडच्या घरी आला, तेव्हा वाटलं होतं की तीस वर्षं पंचवटीत भजनाला पेटी वाजवलीय, म्हणजे निम्मं काम झालंय. ते फक्त उजव्या हाताचं झालं होतं. डावा हात तीस वर्षं पेटीचा भाताच मारत होता.

आधीच्या क्लासमध्ये लहानथोर सगळ्यांना एकच पुस्तक होतं आणि सुरुवात पांढरी एकपासून (पियानोवरचा सी). महिन्याभरात मनगट भरून यायला लागलं, मी सोडून दिलं.

आताच्या मॅडमनी पहिल्या दिवशी पियानो उघडलाच नाही. "काका, आधी पेटी ऐकवा," म्हणाल्या. माझी बोटं बघितली आणि पांढरी सातचा (बी) सा धरायला सांगितला. त्यात पाचही काळ्या येतात, लांब बोटं त्यांच्यावर सहज टेकतात आणि आखूड अंगठा पांढरीवर राहतो. पियानोचा मोठा संगीतकार शोपाँ स्वतः शिष्यांना असंच शिकवायचा. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांचं सप्तक त्याच्या मते वाचायला सोपं, पण हाताला सगळ्यात अवघड, म्हणून तो ते शेवटी ठेवायचा. मनगट पंधरा दिवसांत मोकळं झालं.

खरी अडचण आवाजाची होती. पेटीत हवा आहे तोवर सूर जिवंत. पियानोत हातोडी तारेवर आपटून मागे येते, आणि सूर तिथून विझतच जातो. पट्टी कितीही दाबून धरली तरी त्यात भर पडत नाही. जे ठरायचं ते पट्टी खाली जाण्याच्या वेगावरच ठरतं. डिजिटलमध्ये हातोडीऐवजी सेन्सर तोच वेग मोजतो. मी मात्र सूर लागल्यावर बोट रेटत राहायचो, भात्याची सवय. त्यावर मॅडमनी दिलेला रियाज: एक सूर लावायचा, तो विझत जाताना ऐकायचा, आणि तो जेवढा उरला असेल तेवढ्याच आवाजात पुढचा लावायचा. रोज दहा मिनिटं. माझ्या आधीच्या तासाला येणारी आठ वर्षांची मुलगी नोटेशन झरझर वाचते, म्हणून तिला पुस्तक मिटून ऐकलेलं वाजवायला लावतात. मला उलटं: कानाने येतं ते वाचून वाजवायचं.

मधला पूल मात्र सरगमचाच. जर्मन संगीतकार बाखच्या घरातल्या 1725 च्या वहीतला जी मेजरचा मिन्युएट (तीन मात्रांच्या नाचाची धून) घेतलाय (रचना पेट्झोल्टची, बरीच वर्षं बाखची समजली जायची). पांढरी पाचचा (जी) सा धरला की सुरुवात अशी: प, सारेगम, प, सा सा. मग ध, मपधनि, सां, सा सा. तीन-तीन मात्रांचे दोन बार मिळून सहा मात्रांच्या दादऱ्याचं एक आवर्तन. वडिलांच्या पलुस्कर पद्धतीच्या स्वरलिपीच्या वहीवर वाढलेल्या माणसाला हे कळल्यावर मला अक्षरशः भरून आलं.

डाव्या हाताने आधी महिनाभर नुसता सा-प धरला, तंबोऱ्यासारखा. आता पहिल्याच मात्रेला सा-ग-प एकत्र पडतात. 32 पैकी पहिले 16 बार दोन्ही हातांनी, सावकाश, न थांबता जमतात. पुढच्या भागात डावा अजून अडखळतो, म्हणून सकाळी तो एकटाच वाजवतो.

परवा भजनात भात्यावर ठेवलेल्या डाव्या हाताची बोटं सा-ग-प चाचपत होती.

पेडल (पायाने दाबून सूर लांबवायचं) अजून लावलेलं नाही. पेटीवरून पियानोकडे आलेल्यांनी ते कधी सुरू केलं, जरूर सांगा.