जासूद, लॉग १४: पाय घसरायचे थांबले

थांबले एकदाचे. काल रात्री पावणेदोनला मी बनवतेय त्या गेममधला जासूद, म्हणजे जुन्या काळचा पायी निरोप्या, सपाट पट्टीवर पळाला आणि त्याचं पाऊल जिथं टेकलं तिथंच राहिलं. अंग पुढं गेलं, मग टाच उचलली, मग बोटं. तेवढाच तुकडा मी वीसेक वेळा बघितला असेल.

लॉग १३ मध्ये "धावेची फाइल आली, पुढच्या आठवड्यात घाटात उतरवते" असं लिहिलं होतं. त्यानंतर पाच आठवडे इकडं फिरकले नाही, त्याचं कारण हे पायच. म्हणून आजचा लॉग जवळजवळ सगळा त्यांच्यावर आहे. बाहेरच्या माणसाकडून ॲनिमेशन करून घेणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट कधी ना कधी भेटणार आहे, तेव्हा आकड्यांसकट लिहिते.

मी ब्रीफमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी सूचनांत, लिहिलं होतं: "धाव, २० फ्रेमचं चक्र, एका चक्रात दोन पावलं, अंतर अडीच मीटर, जागच्या जागी." अमरावतीच्या ॲनिमेटरनी बरोबर तेच दिलं. लूपचा सांधा इतका नेटका होता की कुठं संपतं आणि कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. शून्यावी फ्रेम आणि विसावी फ्रेम तंतोतंत सारखी, खांद्याचा झोल, डोक्यावरच्या पागोट्याचा हलका उशीर, सगळं जिथल्या तिथं. ब्लेंडरमध्ये (३डी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) बघून मी खूश. गोदोत (ज्या इंजिनवर माझा खेळ चालतो ते) आणलं आणि कोडमधला वेग सेकंदाला ३ मीटर ठेवून पळवलं, तर पाय शेवाळावर पडल्यासारखे मागं सटकायला लागले.

पहिला संशय उतारावर घेतला, कारण मी थेट आंबा घाटाच्या लेव्हलमध्येच चाचणी करत होते. तिथं खरंच एक भानगड होती. गोदोत पात्राचं शरीर हलवणाऱ्या कॅरेक्टरबॉडी३डी मध्ये 'फ्लोअर कॉन्स्टंट स्पीड' (चढउतारावरही वेग सारखा ठेवणारी सोय) मुळात बंद असतं, त्यामुळं चढावर शरीर हळू जातं आणि उतारावर जोरात. ॲनिमेशन मात्र एकाच तालात चालू. ते चालू करून बघितलं, घसरणं थोडं बदललं, गेलं नाही. मग शरीर जमिनीला धरून ठेवणाऱ्या फ्लोअर स्नॅपची लांबी बदलली, मग टेकडीची कोलिजन जाळी बदलली. दोन आठवडे यातच गेले. एकाच लक्षणाची दोन कारणं असली की असंच होतं: एक दुरुस्त केलं तरी फरक दिसत नाही, म्हणून आपण ते पुन्हा पहिल्यासारखं करून ठेवतो.

मग मी जो निर्णय घेतला तो चुकीचा होता. कारण कळलेलं नसताना उपाय मागवला. ॲनिमेटरना लिहिलं, "जागच्या जागी नको, रूट मोशन द्या." म्हणजे पुढं सरकणंही ॲनिमेशनमध्येच असेल. ब्रीफ मी बदलला होता, त्यामुळं हे नवं काम धरून वेगळे १,५०० रुपये दिले. (मूळ दर ॲनिमेशनमागं २,५००, त्यात एक दुरुस्ती धरलेली.)

चार दिवसांत फाइल आली. आता प्रत्येक चक्राच्या शेवटी जासूद अडीच मीटर पुढं जायचा आणि गपकन मागं यायचा. उघडून बघितलं तर पुढं सरकण्याची सगळी हालचाल हिप बोनवर, म्हणजे सांगाड्यातल्या कमरेच्या हाडावर. ती रूटवर, म्हणजे सगळ्या सांगाड्याच्या मुळाशी असलेल्या हाडावर हवी, पण सांगाड्यात रूट बोन होताच कुठं? रिग (हा हलणारा सांगाडा) दुसऱ्या माणसाकडून करून घेतलं होतं, नाशिकच्या मॉडेलरकडून, लॉग ९ आठवत असेल. त्या ब्रीफमध्ये मी रूट बोन मागितलाच नव्हता. हिप हाच सर्वात वरचा बोन. ॲनिमेटरनी मिळालेल्या सांगाड्यात जे शक्य होतं ते केलं. दोन फ्रीलान्सर, दोघांची कामं आपापल्या जागी चोख, आणि मधली जागा सांभाळायची ती माझी. तिथंच भोक होतं.

हिपलाच गोदोमध्ये रूट मोशन ट्रॅक म्हणून लावून बघितलं. पुढची चाल मिळाली, पण कमरेचा वरखाली झोलही शरीराच्या वेगात शिरला. जमिनीवर आहे की नाही हे इंजिनला दर दोन फ्रेमला वेगळं वाटायला लागलं आणि धावता धावता पडण्याचं ॲनिमेशन मधेच लुकलुकायला लागलं. मग ब्लेंडरमध्ये रूट बोन स्वतः घातला आणि हिपची पुढची हालचाल त्याच्यावर हलवायला बसले. इथं अक्षांचा घोळ लक्षात ठेवा. बोनचा वाय अक्ष बोनच्या लांबीच्या दिशेनं असतो. हिप उभा, तेव्हा त्याचा वाय वर जातो. रूट जमिनीवर आडवा ठेवला तर त्याचा वाय पुढं. एकाच्या हालचालीचा वक्र दुसऱ्यावर नुसता चिकटवला की माणूस आभाळात पळतो.

हे सगळं जमेपर्यंत रात्रीचे बारा. आणि जमल्यावर मी जे बघितलं त्यानं हातपाय गळाले. पाय घसरत नव्हते, पण जासूद माझ्या हिशेबापेक्षा जोरात पळत होता. ३ मीटरच्या हिशेबानं बांधलेली सगळी लेव्हल बिघडली होती.

तेव्हा पहिल्यांदा मोजायला बसले. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. सपाट जमीन घेतली, अर्ध्या मीटरच्या काळ्यापांढऱ्या चौकटी टाकल्या, पहिली फाइल परत लावली आणि दहा सेकंद पळवून चक्रं मोजली. २० फ्रेमचं चक्र, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबानं ०.८३ सेकंद. दहा सेकंदांत १२ चक्रं व्हायला हवीत. झाली १५.

बारा आणि पंधरा. चोवीस आणि तीस.

रात्री साडेबारा वाजले होते तरी मेसेज टाकला, "तुमचा सीन किती एफपीएसवर आहे?" (एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम.) दोन मिनिटांत उत्तर, "३० वर, ताई. माझं सगळं काम ३० वरच असतं, मोबाईल गेमवाल्यांना तेच लागतं. तुम्ही फ्रेम सांगितल्या होत्या, सेकंद सांगितले नव्हते."

खरंच सांगितले नव्हते. ब्लेंडर नवीन फाइल २४ वर उघडतं, म्हणून मी २४ गृहीत धरलं. जीएलटीएफमध्ये (ब्लेंडरमधून गोदोत न्यायच्या फाइलीचा प्रकार) फ्रेम नसतातच, कीफ्रेमच्या वेळा सेकंदांत लिहिलेल्या असतात. एक्सपोर्ट होताना सीनच्या एफपीएसनं भागाकार होतो आणि मूळ आकडा मागंच राहतो. म्हणजे त्यांचं चक्र ०.६७ सेकंदाचं. अडीच मीटर भागिले ०.६७, सेकंदाला ३.७५ मीटर. कोड शरीराला ३ नं ढकलतोय आणि पाय ३.७५ नं मागं जातायत. सेकंदाला पाऊण मीटर घसरण, हीच ती. गोदोच्या इम्पोर्ट पॅनेलमध्ये जो एफपीएस दिसतो त्याच्याशी मी एक अख्खी संध्याकाळ झगडले होते. तो फक्त नमुने किती दाट घ्यायचे ते ठरवतो, चक्राची लांबी बदलत नाही.

आता उपाय. ॲनिमेशनचा वेग ०.८ केला की सपाटीवर घसरणं शून्य, कोडमध्ये एक आकडा. पण ०.८ वर धाव जड वाटली. ॲनिमेटरनी वजन, पाय टेकणं, हाताची उसळी हे सगळं त्यांच्या तालात बसवलं होतं आणि त्यांचा ताल माझ्यापेक्षा चांगला होता. म्हणून उलटं केलं. सपाटीचा वेग ३.७५ केला. मग ॲनिमेशनचा वेग शरीराच्या खऱ्या वेगाला बांधला: 'गेट रिअल व्हेलॉसिटी' ची लांबी भागिले ३.७५. साधं 'व्हेलॉसिटी' घेऊ नका, चढावर शरीर तिरकं सरकतं ते त्यात येत नाही. आणि 'फ्लोअर कॉन्स्टंट स्पीड' बंदच ठेवलं! चढावर जासूद आपोआप मंदावतो, पावलं जड पडतात, उतारावर मोकळी सुटतात. ज्या गोष्टीला मी बग समजत होते तिनंच घाट घाटासारखा वाटायला लागला. रूट मोशन धावेतून पूर्ण काढलं. कड्यावर चढताना तेवढं ठेवणार, तिथं हात खोबणीत बरोबर बसायला हवा.

आंब्याची ९०० मीटरची पायवाट आता पाच मिनिटांऐवजी चार मिनिटांत संपते. वाट लांबवायची की पहाऱ्याच्या चौक्या वाढवायच्या, ते ठरलेलं नाही.

एक जुना मित्र पुण्यात गेम आर्टच्या आउटसोर्सिंगमध्ये बरीच वर्षं आहे. त्याला हे सांगितलं तर त्यानं पहिला प्रश्न विचारला, "बेंचमार्क असेट केला होता का?" त्यांच्याकडं पन्नास वस्तू करायच्या असल्या तरी आधी एकच वस्तू शेवटपर्यंत करतात, क्लायंटच्या इंजिनमध्ये लावून बघतात, आणि मगच बाकीच्यांना हात लावतात. आपल्या देशात हे काम नवं नाही. बंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह १९९७ पासून बाहेरच्या कंपन्यांचं काम करत आली आणि २०१९ मध्ये गेम बनवणाऱ्या रॉकस्टारनं ती विकत घेतली. इतक्या वर्षांत या लोकांनी जी शिस्त बसवली ती एकट्यादुकट्या छंदवाल्याला जास्तच लागते, कारण आपल्याकडं चूक पकडायला दुसरं कुणी नसतं. आता माझा ब्रीफ सेकंद आणि मीटरमध्ये असतो. त्याच्याबरोबर एफपीएस घालून ठेवलेली, रूट बोनसकट रिकामी ब्लेंड फाइल जाते आणि काम तिच्यातच करायचं असतं. ॲनिमेशनच्या नावाशेवटी 'लूप' लिहायचं, म्हणजे गोदो ते स्वतः लूपवर टाकतं. आणि पहिली कच्ची हालचाल आली की मी ती चौकटींवर पळवून बघते, त्याचे पैसे वेगळे देते. चाचणी फुकट मागू नये असं माझं ठाम मत आहे.

फाइलींचंही सांगते. टेक्श्चर आत भरलेली ब्लेंड फाइल १४० एमबीची निघाली आणि गिटहबनं (प्रकल्पाच्या फाइली ठेवायची ऑनलाइन जागा) ती परतवली, तिथं एका फाइलला १०० एमबीची मर्यादा आहे. गिट एलएफएस (मोठ्या फाइलींसाठीची सोय) लावून ठेवा, फाइल यायच्या आधी.

करारनाम्याबद्दल लॉग ११ खाली बरीच चर्चा झाली होती. मी कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १९ नीट वाचलं. फ्रीलान्सर आपला नोकर नसतो, त्यामुळं पैसे दिले म्हणजे हक्क आपले झाले असं धरून चालू नका. हस्तांतरण लेखी आणि सहीचं हवं. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षंच, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि आपल्यासारख्या संथ लोकांसाठी सर्वात महत्त्वाचं: वेगळं काही लिहिलं नसेल तर मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही की तो संपतो. माझा खेळ चौथ्या वर्षात आहे! नाशिकच्या मॉडेलरशी केलेल्या कागदात यातलं काहीच नव्हतं. त्यांना फोन केला, समजावून सांगितलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी नवीन कागदावर सही करून पाठवली. श्रेयनामावलीत नाव ठळक हवं एवढीच त्यांची अट, आणि ती रास्त आहे.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट सुचली. जुन्या पत्रांत जासूद एकटा जात नाही, 'जासूदजोडी' रवाना केल्याचे उल्लेख येतात. मग माझा एकटा का पळतोय? दुसरा जासूद आणला तर सांगाडा तोच, धाव तीच. फक्त चक्र पाव भागानं पुढं सरकवायचं म्हणजे दोघांची पावलं एकदम पडणार नाहीत, आणि पागोट्याचा रंग बदलायचा. ॲनिमेशनचा एक रुपया जास्त लागत नाही. तो दहा पावलं पुढं राहिला तर वाट दाखवायला बाणांची गरजच उरत नाही. बाणांची आणि खुणांची चित्रं मी एका चित्रकर्त्रीकडून करून घेणार होते, आगाऊ रक्कमही दिली आहे. ती परत मागणार नाही. तेवढ्यात खलित्याची थैली आणि मोर्तब काढून द्याल का, असं उद्या विचारते. पाठलागाच्या वेळी दुसऱ्याला वाट कशी शोधायला लावायची हे मोठं काम आहे, पण सपाट पट्टीवर दोघांना एकत्र पळवून बघायला एक संध्याकाळ पुरेल.

पावलांचे आवाज बाहेरून घ्यायचं मात्र रद्द. एकाकडून नमुना मागवला होता, तर खडीवर बुटांचा आवाज आला, कुठल्या तरी तयार संग्रहातला. आवाज स्वच्छ होता, पण माझ्या माणसाच्या पायात वहाणा आहेत. काळ्या दगडावर वहाण टपकन वाजते, जांभ्यावर खरवडल्यासारखी, ओल्या पाचोळ्यात जवळजवळ वाजतच नाही. हे ब्रीफमध्ये लिहून कळवण्यापेक्षा जाऊन ध्वनिमुद्रण करणं सोपं. भावाकडून रेकॉर्डर घेतलाय, चुलत्यांच्या जुन्या कापशी वहाणा मिळाल्यात. पाऊस उघडला तर रविवारी पहाटे, गाड्या सुरू व्हायच्या आत, आंब्याला. जांभा तिथून खाली कोकणात उतरल्यावरच मनासारखा मिळेल, तेव्हा साखरप्याच्या बाजूला कुणी राहत असेल तर कळवा, चहाला येते आणि अंगणात दहा मिनिटं चालून जाते.