मातीच्या खोलीत झाडू चालत नाही

सप्टेंबरातला दुसराच बुधवार होता लंडनमधल्या मातीकामाच्या वर्गाचा. रात्रीचे साडेआठ वाजले होते. सगळ्यांनी आपापलं काम प्लास्टिकमध्ये गुंडाळून फळीवर ठेवलं आणि मी टेबलाखाली बघितलं, तर वाळलेल्या मातीचा हा एवढा चुरा. आपल्या हाताला काय सवय असते ते तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्याच्या घरी जेवलो तरी ताट उचलल्याशिवाय चैन पडत नाही. मी पॅसेजमधल्या कपाटातून झाडू आणला आणि झाडायला लागले. दोन फटकारे मारले असतील नसतील, शिक्षिका खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून जवळजवळ धावत आल्या. "नो, नो, प्लीज स्टॉप!" आणि झाडू माझ्या हातातून काढून घेतला.

मला ते फार लागलं. बसमध्ये बसले तरी कानशिलं तापलेलीच होती. कुठल्याही कामाला हलकं मानत नाही म्हणून तर झाडू उचलला होता ना? घरी येऊन आईला फोन लावला. सायनला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले असणार, तरी तिनं उचलला. सगळं ऐकून म्हणाली, "तू कशाला गेलीस झाडायला? पैसे भरलेत ना?" त्यानं आणखीच रडू आलं.

पुढच्या बुधवारी शिक्षिकांनी मला अर्धा तास लवकर बोलावलं, चहा करून दिला आणि समजावून सांगितलं. माती वाळली की तिची भुकटी होते आणि त्या भुकटीत सिलिका असते, वाळूत असतं तेच खनिज. जी धूळ दिसते ती खाली बसते. जी दिसत नाही ती झाडूनं उडाली की कितीतरी तास हवेत तरंगत राहते आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. तिथे व्रण धरतात, फुप्फुस कडक होत जातं, आणि झालेलं नुकसान कुठल्याही औषधानं भरून येत नाही. सिलिकोसिस. स्टोक-ऑन-ट्रेंट हे इंग्लंडातलं कुंभारकामाचं गाव, तिथले कितीतरी कामगार या खोकल्यानं गेले. त्यांच्यात त्याला नावच होतं, 'पॉटर्स रॉट', म्हणजे कुंभाराची कीड. आज इथे आठ तासांच्या कामात हवेच्या एका घनमीटरमागे सरासरी ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त अशी धूळ चालत नाही. मोठ्या कपाटात मावेल एवढी हवा आणि त्यात मिठाच्या एकदोन कणांच्या वजनाची धूळ, बस!

तेव्हापासून मी त्या खोलीकडे वेगळ्याच नजरेनं बघते आहे. टेबल पुसायचं ते ओल्या स्पंजनं, लादी ओल्या पोछ्यानं. एप्रन झटकायचा नाही, तसाच घडी करून पिशवीत घालायचा आणि घरी धुवायचा. वाळलेल्या भांड्याला सँडपेपर लावायचा नाही, ओल्या स्पंजनं कडा मऊ करायच्या. हात थेट बेसिनमध्ये धुवायचे नाहीत. आधी पहिल्या बादलीत, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि तिसरीचं पाणी जवळजवळ नितळ असतं. तळाशी बसलेली माती काढून पुन्हा मळतात. एक मूठ वाया जात नाही आणि नळीही तुंबत नाही. हे सगळं कुणी वरून बघायला येतं म्हणून चाललेलं नाही. आठवड्यातून दोन तास येणाऱ्या, नोकऱ्या करणाऱ्या, हौशी माणसांच्या छातीची एवढी काळजी! मी लहानपणापासून कुंभार बघितले. त्यांच्या छातीचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता, हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतं.

सायनच्या आमच्या घरापासून कुंभारवाडा चालत वीस मिनिटांवर. नाइंटी फीट रोडला वळलं की धुराचा वास यायचा. १९३० च्या दशकापासून धारावीत वसलेली ही सौराष्ट्रातली कुटुंबं. दिवाळीच्या पणत्या आणि उन्हाळ्याचा माठ आम्ही एकाच काकांकडून घ्यायचो. बाबा मोडक्या गुजरातीत भाव विचारायचे आणि माठ घेण्याआधी बोटाच्या पेरानं वाजवून बघायचे. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठेतरी बारीक चीर आहे. संत गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली ती याच हिशोबानं, हे बाबा दर वेळी सांगायचे आणि माझ्या डोक्यावर टिचकी मारायचे.

एवढ्या जवळ राहूनही मी कधी चाकाला हात लावला नाही. लावणार कधी? सायनहून सकाळची ८:१२ ची स्लो, रात्री आठला परत, शनिवारी क्लास. मुंबईत राहताना मातीत हात घालायला वेळच मिळाला नाही, यात माझा काही दोष आहे असं मला वाटत नाही. इथे पाच वाजता ऑफिस सुटतं, आणि काळोख्या संध्याकाळचं काय करायचं हा प्रश्नच असतो.

वर्गात पहिलं काम मिळालं ते पक्ष्याच्या आकाराची झारी. इथे तिला 'जग' (jug) म्हणतात, पण माझ्या तोंडी झारीच येतं. चाक नाही, सगळं हातानं. प्रत्येकी अर्ध्या किलोचे दोन गोळे घ्यायचे, अंगठा खुपसून चिमटीनं फिरवत दोन वाडगी करायची आणि तोंडाला तोंड लावून जोडायची. जोडायच्या कडांवर सुईनं आडवेतिडवे ओरखडे काढायचे, पातळ चिखल लावायचा, दाबून धरायचं आणि लाकडी थापीनं हलके ठोकत राहायचं. आत कोंडलेली हवा गादीसारखी उलटा दाब देते, त्यामुळे भिंत आत बसत नाही. थाप थाप करता करता अंड्यासारखं पोट तयार होतं. मग पाठीवर पाणी भरायचं भोक, शेपटीला ओढून केलेला कान आणि समोर चोच.

मला चिमणी करायची होती. आमच्या खिडकीच्या गजावर येणारी, मान खाली घालून टिपणारी चिमणी. शिक्षिका म्हणाल्या, चोचीचं टोक पाठीवरच्या भोकापेक्षा खाली राहिलं तर झारी भरताभरताच समोरून गळायला लागेल, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला चढतं. तेव्हा मान वर करावी लागली. चोच आभाळाकडे, गळा ताणलेला. मी लांब उभं राहून पाहिलं तर समोर चातक बसला होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात ढगाकडे बघणारा आपला चातक! लंडनच्या त्या पावसाळी संध्याकाळी, जिथे रोजच पाऊस, तिथे मला पहिल्या सरीची इतकी आठवण आली की मी काम तसंच टाकून पाच मिनिटं बाहेर जाऊन उभी राहिले.

तो पहिला चातक गेला. पोट चांगलं वाळलं होतं आणि चोच मी नंतर, ओल्या मातीची लावली. ओली ते पक्की भाजलेली या प्रवासात माती दहा-बारा टक्के आकसते. पोट आधीच थोडं आकसून बसलेलं, चोचीचं आकसणं अजून बाकी, दोघांची ओढाताण झाली आणि पहिल्या भाजणीतून तो गळ्याशी आडवी चीर घेऊन बाहेर आला. शिक्षिकांनी तो कानाशी धरून पेरानं वाजवला. बद्द. बाबांचा हात, तोच आवाज! त्यांना मी बाबांचं सांगितलं तेव्हा त्या नुसत्या हसल्या नाहीत, माठ कसा वाजतो ते माझ्याकडून दोनदा ऐकून घेतलं.

इथले लोक आपल्याला माती शिकवतात असा भाव कधीकधी वर्गात येतो. कुणी मुद्दाम आणत नाही, तरी येतो. तेव्हा मी त्यांना जोर्व्याबद्दल सांगितलं. संगमनेरजवळ, प्रवरेच्या काठी. तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि तीन हजार वर्षांपूर्वीची तांबडी भांडी निघाली, काळ्या रेघांची, लांब तोटीची, वाजवली की धातूसारखी खणखणणारी. तोटीचं भांडं ही जोर्वे संस्कृतीची खूणच आहे. आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली कुंभारकाम सुरू झालं, त्यावर अजिंठ्याची नक्षी चढली, आणि ती भांडी आज इथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे जपून ठेवलेली आहेत. मला बघायची झाली तर आपल्या भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय आहेच. हे सांगताना माझा आवाज जरा चढला होता, पण सांगितलं ते बरं केलं.

पक्ष्यांची भांडी करायची इथली परंपराही मोठी आहे, ती मला साउथॉलमध्ये भेटली. साउथॉलला आपली माणसं किराणा आणायला जातात, मीही दर पंधरा दिवसांनी कोकम आणि ज्वारीचं पीठ शोधत जाते. त्याच साउथॉलला १८७७ मध्ये मार्टिन बंधूंनी कालव्याकाठच्या साबणाच्या बंद कारखान्यात भट्टी घातली. चार भाऊ. त्यांतला थोरला रॉबर्ट वॉलेस पक्षी करायचा. तंबाखू ठेवायच्या बरण्या, मुंडकं उचललं की झाकण. तिरके डोळे, भली मोठी चोच, चेहऱ्यावर माणसाचे भाव. भट्टी तापली की आत मीठ टाकायचे, त्याची वाफ मातीवर काच होऊन बसायची. ती जागा हॅवलॉक रोडवर होती. आज त्याच रस्त्यावर सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा आहे, आणि त्याच्यासमोरच्या तुकड्याला आता गुरू नानकांचं नाव आहे. हॅवलॉक म्हणजे १८५७ चा उठाव मोडणारा इंग्रज सेनानी, त्यामुळे त्या जुन्या नावाशी जीव थोडा घुसमटतो. पण लंगरच्या डाळीचा वास आला की बरं वाटतं.

दिवाळीला मुंबईत आले होते. पणत्या आणायच्या म्हणून आईला घेऊन कुंभारवाड्यात गेले. काका आता नाहीत. त्यांच्या घरच्या बा ओट्यावर बसल्या होत्या. "छाती भरली होती बेटा," एवढंच म्हणाल्या. माझ्या पिशवीत लंडनहून आणलेला मास्कचा डबा होता आणि तो कसा काढावा ते मला कळेना. भारतात १९४८ च्या कारखाने कायद्यातही सिलिकोसिस नोंद करायच्या आजारांत होता. कायद्यात आपण मागे नव्हतो. पण कुंभारवाडा हा कारखाना नव्हे, तिथे घर आणि काम एकाच छताखाली, पाळणा आणि चाक शेजारी. आत भट्टीत कापसाचा टाकाऊ चिंध्याकचरा जळत होता आणि धूर सरळ गल्लीत येत होता.

तेवढ्यात बांच्या धाकट्या सुनेनं अंगण झाडायला घेतलं. मी बघत होते. तिनं आधी बादलीतून ओंजळ भरली आणि पाणी शिंपडलं. उजवीकडून डावीकडे, झिम्म करून, एकसारखं, अंगणाचा कोपरा न् कोपरा. माती गडद झाली, वास उठला, आणि मग तिनं झाडू लावला. धूळ उठली नाही.

मी उभ्या जागी स्तब्ध झाले. माझी आजी असंच करायची! वेंगुर्ल्याच्या अंगणात रोज पहाटे सडा घालायची आणि मगच झाडायची. कोरडं झाडलेलं तिला खपायचं नाही, ओरडायची. लंडनच्या बाईंनी माझ्या हातातला झाडू काढला तेव्हा मी आजीची पद्धत विसरले होते, कारण फ्लॅटमध्ये फरशी असते आणि फरशीवर कुणी सडा घालत नाही. सड्यानं सिलिका जाते असं मी म्हणत नाही, आणि त्या गल्लीतल्या धुराला तर सडा काहीच करत नाही. पण अर्धी गोष्ट आपल्या हातांना कधीपासून ठाऊक होती. मास्कचा डबा मी बांना दिला. त्यांनी तो फळीवर देवाच्या तसबिरीशेजारी ठेवला आणि आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. पणत्यांचे पैसे घ्यायलाही तयार नव्हत्या, आईनं कसेबसे हातात कोंबले.

परत आल्यावर दुसरा चातक केला. या वेळी पोट आणि चोच एकाच दिवशी, एकाच ओलीची. चोच आणि शेपूट आधी वाळतात म्हणून त्यांच्यावर प्लास्टिकच्या टोप्या घातल्या आणि पोट उघडं ठेवलं. असे दोन आठवडे. मग हजार अंशांची पहिली भाजणी, निळसर झिलई आणि साडेबाराशे अंशांची दुसरी. बुधवारी भट्टीतून बाहेर काढला तेव्हा अजून कोमट होता. शिक्षिकांनी वाजवायला माझ्याच हातात दिला.

खण्ण.

शनिवारी आईला व्हिडिओ कॉल लावून ओट्यावर ठेवून दाखवला. ती चष्मा लावून आली. "पाणी घालून दाखव." घातलं. पाणी चोचीतून छान धार धरून पडलं, पण झारी सरळ केली की शेवटचा थेंब चोचीखालून गळ्यावर ओघळत आला आणि ओट्यावर पडला. पुन्हा केलं, पुन्हा ओघळला. चोचीची कड जरा जाड राहिली होती. आता भाजून झाल्यावर काही करता येत नाही.

आईनं फोन बाबांच्या हातात दिला आणि आतून तिचा आवाज आला, "चोचीखाली बोटानं तूप लाव. तेलाच्या बुधलीला लावत नव्हते का मी?"

फ्रिजमधून तूप काढलं, करंगळीनं चोचीखाली एक रेघ ओढली आणि पुन्हा पाणी ओतलं. थेंब टोकाशीच तुटला.