परतीचं नाही तर पुढचं तरी तिकीट दाखवा

बालीला निघालो होतो, वन-वे तिकीट काढून. प्लॅन असा की प्लॅनच नाही, कंटाळा आला की तिथूनच ठरवू पुढे मलेशिया की व्हिएतनाम. व्हिसा ऑन अरायव्हलचे पैसे आधीच ऑनलाइन भरलेले, पासपोर्टला भरपूर मुदत, हॉटेल बुकिंगचा प्रिंट, सगळं फोल्डरमध्ये नीट लावून ठेवलेलं. आणि चेक-इन काउंटरवरची मुलगी स्क्रीनवरून नजर न काढता विचारते, "सर, रिटर्न तिकीट?" नाहीये म्हटलं. "मग ऑनवर्ड?" तेही नाही. "मग बोर्डिंग पास नाही देता येणार."

मी आधी हुज्जत घातली, कबूल करतो. व्हिसाचे पैसे भरलेत, बँकेत पैसे आहेत, इमिग्रेशनवाले बघतील ना काय ते, तुम्हाला काय करायचंय वगैरे वगैरे. बिचारीनं शांतपणे स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली, त्यात स्वच्छ लिहिलेलं की प्रवाशाकडे परतीचं किंवा पुढच्या प्रवासाचं तिकीट हवं. मी गप्प.

ती स्क्रीन म्हणजे टिमॅटिक. आयटाचा, म्हणजे एअरलाइन्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा डेटाबेस आहे, कुठल्या पासपोर्टवाल्याला कुठल्या देशात जायला काय काय लागतं ते सगळं त्यात असतं आणि बहुतेक एअरलाइन्सचे लोक तेच बघून ठरवतात. म्हणजे आपल्याला वाटतं परीक्षा तिकडे उतरल्यावर आहे, पण ती इथेच काउंटरवर होऊन जाते. कारण सरळ आहे. तिकडच्या इमिग्रेशननं आत घेतलं नाही तर तुम्हाला परत न्यायची जबाबदारी ज्या विमानानं आणलं त्या एअरलाइनवर येते, वर बऱ्याच देशांत दंडही बसतो. मग ती मुलगी माझ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून रिस्क का घेईल?

मग काय, लाइनच्या बाजूला उभा राहून मोबाइलवर तिकीट शोधलं. ओटीपी येईना, एअरपोर्टचं वायफाय लॉगिन मागतंय, काउंटर बंद व्हायला अर्धा तास, पाठीवरून घाम. शेवटी देनपसार (बालीचा एअरपोर्ट) ते क्वालालंपूर, दिसलं ते सगळ्यात स्वस्त मारलं. तिनं पीएनआर मागितला, मग ई-तिकीट नंबरही मागितला, आणि इथे मला एक गोष्ट कळली जी आधी कधी लक्षातच आली नव्हती. पीएनआर, तो सहा अक्षरांचा, नुसत्या बुकिंगचाही असतो, पैसे भरले नसले तरी. 13 आकडी ई-तिकीट नंबर मात्र तिकीट खरंच इश्यू झालं तरच येतो. (काही लो-कॉस्ट एअरलाइन्सचं वेगळं असतं, त्यांच्याकडे बुकिंग नंबर हेच सगळं.) त्यामुळे नेटवर ते डमी तिकीट विकतात ना, त्यातलं काही खरं होल्डवरचं बुकिंग असतं, थोड्या वेळानं आपोआप रद्द होणारं, आणि काही चक्क एडिट केलेली पीडीएफ. दुसऱ्या प्रकाराच्या वाटेला जाऊच नका, काउंटरवर पीएनआर टाकला आणि काहीच निघालं नाही तर तुम्ही खोटं कागदपत्र दाखवलेलं असतं, तिकीट काढायला विसरणं वेगळं आणि हे वेगळं.

त्यापेक्षा रिफंडेबल तिकीट काढावं आणि पोचल्यावर रद्द करावं. महाग दिसतं पण पैसे परत येतात, फक्त कधी येतील ते विचारू नका. पुढचा प्रवास अमेरिकेतून सुटणाऱ्या विमानाचा असेल तर अजून सोपं, तिथल्या नियमानं विमान सुटायला सात दिवस किंवा जास्त असतील तर एअरलाइनला एकतर 24 तास भाव होल्ड करून द्यावा लागतो नाहीतर 24 तासांत फुकट कॅन्सल करू द्यावं लागतं. एअरलाइनकडूनच थेट घेतलेलं असलं तर हं, एजंट साइटवर तसा हक्क नाही.

आणि नुसतं तिकीट असून भागत नाही, तारीख बघा. बालीत 30 दिवस मिळतात आणि उतरलात तो दिवस पहिला धरतात, म्हणजे आजपासून तीस मोजून एकतिसाव्या दिवसाचं तिकीट काढलं की फसलात. एकदा वाढवून मिळतात हो अजून 30, पण ते तिकडे गेल्यावरचं, काउंटरवर तो युक्तिवाद चालेलच असं नाही. कुठे जाणारं तिकीट आहे तेही बघतात. अमेरिकेत व्हिसा वेव्हरवर (काही ठरावीक देशांच्या नागरिकांना मिळणारी व्हिसामाफी) 90 दिवसांसाठी जाणाऱ्यांचं तिकीट कॅनडा, मेक्सिको किंवा कॅरिबियन बेटांवर संपत असेल तर चालत नाही, तिथलेच रहिवासी असाल तर गोष्ट वेगळी. न्यूझीलंड त्या मानानं दिलदार, व्हिजिटरकडे तिकीट नसेल तर ते घेण्याएवढे पैसे आहेत हा पुरावाही चालतो.

बाली एअरपोर्टवर मला कोणी काही विचारलं नाही. क्वालालंपूरचं तिकीट नॉन-रिफंडेबल निघालं, घाईत वाचलंच नव्हतं. पैसे वाया घालवायचं जिवावर आलं म्हणून सव्वीसाव्या दिवशी गुपचूप त्याच विमानात जाऊन बसलो, व्हिएतनाम राहिलं ते राहिलंच.