दोन दातांच्या खुणा

सकाळी सव्वासातला फोन वाजला तेव्हा मी सागरेश्वर अभयारण्यातल्या एका पाणवठ्याकाठी उकिडवी बसून सांबराच्या लेंड्या पिशवीत भरत होते. पलीकडून वनरक्षकदादा म्हणाले, "मॅडम, सरांना घेऊन खाली वस्तीवर या. हरीण घावलंय. कुत्र्यांनी ताणलं हुतं, पण वाचलंय. जखम म्हणावी अशी न्हाई."

जखम नाही म्हटल्यावर मला हायसं वाटलं. सरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "किती वेळ ताणलं, ते विचारलंस का?" मी विचारलं नव्हतं.

पशुवैद्यकाचं शिक्षण साडेपाच वर्षांचं आणि त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. म्हशीची अडकलेली वार, शेळीची पोटफुगी, कोंबडीचं शवविच्छेदन, हे हळूहळू हाताखालून जातं. वन्यजीवांच्या पोस्टिंगची मात्र आम्ही सगळेच वाट बघत होतो. डोळ्यांसमोर चित्रच होतं: कुशीत पिल्लू, हातात दुधाची बाटली आणि समोर फोटो काढणारं कुणीतरी. प्रत्यक्षात सागरेश्वरच्या दहा दिवसांत एकाही प्राण्याला माझा हात लागला नव्हता. लेंड्या गोळा करायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी शोधायची, पाणवठ्यावर कोण कधी आलं ते वहीत लिहायचं आणि दुपारनंतर आसपासच्या वस्त्यांवर गाईम्हशींना लाळ्या-खुरकुताची लस टोचत फिरायचं. लस गाईला दिली तरी तिचा उपयोग हरणालाही असतो. दुभंगलेल्या खुराच्या बहुतेक जनावरांना हा रोग होतो आणि तारेचं कुंपण त्याला अडवत नाही. हे मला कळत होतं, तरी मनातून मी खट्टू होते. खरं काम अजून सुरूच झालेलं नाही, असं वाटायचं.

सागरेश्वर म्हणजे सांगली जिल्ह्यातलं जेमतेम 10.87 चौरस किलोमीटरचं अभयारण्य. धों. म. मोहिते यांनी उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं जगवण्याचा ध्यास घेतला, त्यातून हे उभं राहिलं आणि 1985 मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. इथले बरेचसे प्राणी बाहेरून आणून सोडलेले आहेत, त्यांची पुढची पिढी इथेच वाढली. आत बारमाही पाणी नाही, पाणवठे माणसांनीच भरायचे. बाहेर मात्र कृष्णेचं उपसलेलं पाणी ताकारी योजनेच्या कालव्यांतून फिरतं आणि ऊस डोलतो. एप्रिलमध्ये डोंगर करपून जातो आणि कुंपणापलीकडे हाकेच्या अंतरावर हिरवागार खोडवा उभा असतो. चितळाला दोष कसा द्यायचा? आणि रातभर पाणी पाजून वाढवलेला ऊस सकाळी खाल्लेला दिसला तर शेतकऱ्यानं तरी काय करायचं?

देवराष्ट्रेच्या बाजूला असलेल्या त्या वस्तीवर पोचलो तेव्हा अंगणात पन्नासेक माणसं जमली होती. मधोमध पोत्यावर चितळाची मादी कुशीवर पडलेली. पुढचे-मागचे पाय कासऱ्यानं बांधलेले. एक बाई तिच्या मांडीवर हळद दाबत होती, दुसरी तांब्यानं तोंडात पाणी ओतत होती. पोरं तिच्या पाठीवरच्या पांढऱ्या ठिपक्यांवरून बोटं फिरवत होती. सगळ्यांच्या हातांत मोबाईल. दावणीला एक तांबडं कुत्रं बांधलेलं होतं आणि ते जीव खाऊन भुंकत होतं.

हरिणीच्या डोक्याशी तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा बसला होता. शर्ट फाटलेला, हातांवर उसाच्या पात्यांनी कापल्याच्या रेघा. तिला सोडवून आणणारा तोच. सरीतून धावत जाऊन त्यानं कुत्री हाकलली होती, दमून बसलेल्या हरिणीला मिठीत उचलून घरापर्यंत आणलं होतं. तेव्हापासून तो तिला कुरवाळत होता.

सरांनी आधी कुणाशी बोलणंही टाळलं. ते थेट गेले, पाण्याचा तांब्या बाजूला केला आणि हरिणीला कुशीवरून उचलून पोटावर बसती केली. रवंथ करणारं जनावर कुशीवर पडून राहिलं तर पोट फुगतं, पोटातलं पाणी उलटून श्वासनलिकेत जातं. मग कासरा सोडला. गळ्यातलं उपरणं काढून तिचे डोळे झाकले, कानांत कापसाचे बोळे ठेवले. त्यानंतर वळून हलक्या आवाजात म्हणाले, "दादा, सगळ्यांना लांब न्या. कुत्रं तर शेताच्या पलीकडं न्या, वाससुद्धा यायला नको."

मी तिच्या मानेशी गुडघे टेकून बसले. थर्मामीटर लावताना माझा डावा हात आपोआप तिच्या मानेवरून फिरू लागला आणि तोंडातून शब्द निघाले, "काही नाही गं, काही नाही होत."

"हात काढ," सर म्हणाले. "आणि बोलू नकोस. तिला तुझ्यात आणि कुत्र्यात फरक कळत नाही."

मी हात काढला. ते वाक्य मला लागलं. आजही आठवलं की लागतं, पण ते खरंच होतं. पाळीव जनावर आपल्या हातानं शांत होतं, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्याला तो हात ठाऊक आहे. चितळाला माणसाचा स्पर्श एकदाच होतो, मारलं जाताना. ती निपचित पडली होती, त्याला गाव 'माणसाळली' म्हणत होतं. ती भीतीनं गोठली होती.

थर्मामीटरवर 107 अंश. श्वास धाप लागल्यासारखा. अंगावर जखमा मोजल्या. मागच्या डाव्या मांडीवर दोन दातांच्या खुणा, त्याही वरवरच्या. बाकी कातडी अखंड.

"कॅप्चर मायोपॅथी वाचलंयस ना?" सरांनी विचारलं. वाचलं होतं. परीक्षेत पाच मार्कांना लिहिलंही होतं. जीव वाचवायला पळणारं जनावर ताकदीबाहेर पळतं, पकडलं गेलं की पळणं थांबतं पण भीती थांबत नाही. स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, त्यांत आम्ल साठतं, अंग तापतं, स्नायूंचे तंतू फुटायला लागतात. त्यांतलं मायोग्लोबिन नावाचं गडद रंगाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं तुंबवतं. पोटॅशियम वाढतं, हृदय डगमगतं. काही जनावरं तासाभरात जातात, काही दोन दिवसांनी, काही तर चांगली चरायला लागल्यावर आठवड्यानंही. धाप लागेपर्यंत पळालेल्या हरणाला वाचवून आणलं म्हणजे वाचलं असं नसतं.

माझा आज्जा जत तालुक्यात मेंढरं राखायचा. माडग्याळी मेंढ्यांचा कळप होता. लांडगा किंवा कुत्रं कळपात घुसून गेलं की तो मेलेल्या मेंढ्या मोजायचा नाही, उभ्या असलेल्या बघत बसायचा. "ह्यातली कुठली आतनं गेलीया, ती दोन दिसांत कळंल," म्हणायचा. ते दोन दिवस तो कळप हलवत नसे, आम्हा पोरांना जवळ फिरकू देत नसे. साडेपाच वर्षांच्या शिक्षणात वाचलेली गोष्ट मी त्या अंगणात पहिल्यांदा समजून घेतली, आणि ती आज्ज्याच्या बोलीतच समजली.

तिला अभयारण्यात हलवायचं का, यावर थोडा वेळ गेला. सरांनी नको म्हटलं. गाडीचा आवाज, हादरे, पुन्हा हाताळणी, हे सगळं तिच्या अंगावर आलं असतं. अंगणामागे कडब्याची एक छपरी रिकामी होती. तिथे ओली गोणपाटं अंथरली, चहूबाजूंनी ताडपत्री सोडली. शिरेतून रिंगर लॅक्टेटचं सलाईन सुरू केलं, अंदाजानं सोडाबायकार्ब, भीती उतरावी म्हणून डायझेपाम, व्हिटॅमिन ई-सेलेनियमचं इंजेक्शन. अंगावर पाणी शिंपडून पुठ्ठ्यानं वारा घातला. दीड तासात ताप 104 वर आला. मग सर म्हणाले, "आता बाहेर."

मला वाटलं, सलाईन बदलायला कुणीतरी आत हवंच. ते म्हणाले, बाटली संपत आली की एकानं यायचं, बदलायची, जायचं. तोवर ताडपत्रीच्या फटीतून श्वास मोजायचे. त्या दिवशी मी आयुष्यातलं सगळ्यात अवघड पशुवैद्यकीय काम केलं. दहा फुटांवर बसून काहीही केलं नाही. हात शिवशिवत होते. दर पंधरा मिनिटांनी वहीत श्वासांचा आकडा लिहीत होते आणि तो कमी झाला की उठून आत धावावंसं वाटत होतं.

वन्यजीवांसोबत काम करायचंय म्हणणाऱ्या मुलांनी ही बसण्याची बाजू आधी समजून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. जिथे विद्यार्थ्यांना पिल्लं मांडीवर घ्यायला देतात, फोटोसाठी प्राणी उचलून धरतात, तिथे शिकायला जाऊ नये. तिथे प्राणी आजारी पडतो तो आपल्यामुळे.

दुपारी दोनच्या सुमाराला तिनं लघवी केली. गोणपाटावर डाग पडला तो कोऱ्या चहाच्या रंगाचा. मी सरांकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि सलाईनचा वेग वाढवला. चार वाजता ती उठायचा प्रयत्न करू लागली. पुढचे पाय टेकवले, मागचे उचललेच गेले नाहीत. दोनदा, तीनदा. मग तिनं मान खाली टाकली.

सहाला दहा कमी असताना माझ्या वहीत श्वासांच्या रकान्यात शून्य आलं.

शवविच्छेदन दिवसाच्या उजेडातच करतात, म्हणून ते दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. मांडीची कातडी सोलल्यावर आत लालबुंद मांस दिसायला हवं होतं. तिथे फिकट, उकडलेल्यासारखे पट्टे होते. दातांच्या खुणा होत्या त्या मांडीतही आणि जिला कुणी शिवलंही नव्हतं त्या मांडीतही. मूत्रपिंडं काळसर, मूत्राशयात तपकिरी पाणी. बाकी निरोगी जनावर. खाल्लेला ऊस अजून पोटात होता. नमुने घेऊन बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. वनपालांनी पंचनामा लिहिला, पंचांमध्ये त्या मुलाच्या वडिलांनी सही केली. नियमाप्रमाणे सगळ्यांसमोर तिला जाळलं.

मुलगा लांब बांधावर बसला होता. मी हात धुऊन त्याच्याकडे गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले नव्हते.

"ताई, मी उचलली म्हणून मेली का?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी त्याच्या शेजारी बसले आणि सांगितलं. कुत्र्यांनी फार लांबपर्यंत पळवली तिथेच तिचे स्नायू फुटायला लागले होते, तू नसतास तर कुत्र्यांनी तिला जिवंतपणी फाडलं असतं. पण नंतरची गर्दी, बांधलेले पाय, पाणी, कुरवाळणं, यांनीही तिचं थोडं थोडं नुकसान केलं, माझ्या हातानंसुद्धा. नेमकं किती कशामुळे, ते मला सांगता येणार नाही.

तो बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडत राहिला. मग म्हणाला, "मग फुडच्या बारीला काय करू?"

मी सांगितलं. आधी कुत्री लांब घालव. हरीण स्वतः पळू शकत असेल तर वाट मोकळी सोड, मागे जाऊ नकोस. बसलंच असेल तर उचलू नकोस, पाणी पाजू नकोस. टॉवेलानं डोळे झाक, त्याच्यावर सावली कर आणि माणसांना शंभर पावलं मागे ठेव. वनखात्याला 1926 नंबर लाव, पैसे पडत नाहीत. तोवर कुणी बोलायचं नाही. त्यानं नंबर दोनदा म्हणून दाखवला.

मी उठायला लागले तेव्हा त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं, "ताई, त्या कुत्र्यांत एक आमचं हुतं. तांबडं. मी कुणाला सांगितलं न्हाई."

दावणीपाशी ते तांबडं कुत्रं पुढच्या पायांवर हनुवटी टेकून झोपलं होतं.

"रात्री मोकळं असतं?"

"व्हय. राखणीला."

"साखळी आहे घरात?"

"बैलाची हाय."

"चालेल. उद्या आम्ही वस्तीवर कुत्र्यांना लस द्यायला येतोय. तेव्हा त्याला धरून उभा राहशील?"

त्यानं मान हलवली आणि साखळी शोधायला गोठ्यात गेला.