आईला फिट येत नाही, मग ही गोळी कशाला?

माझं औषधांचं दुकान नाशिकच्या सीबीएस बसस्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. एसटीने आलेले तालुक्याचे पेशंट न्यूरोच्या डॉक्टरांकडून निघाले की चिठ्ठी घेऊन आमच्याकडे टेकतात. डिसेंबरातली गोष्ट. निफाडचा पारा एक आकड्यावर आला होता आणि तिथला एक द्राक्षबागायतदार सकाळी सकाळी काउंटरवर गोळ्यांची स्ट्रिप आपटून म्हणाला, "ताई, ह्या परत घ्या. माझ्या आईला उभ्या जन्मात फिट आलेली नाही."

गोळी होती कार्बामाझेपिन. त्याने मोबाईलवर नाव टाकलं, पहिल्याच ओळीत फिटचं औषध असं आलं, आणि घरात खळबळ. धाकट्या बहिणीचं स्थळ पाहणं चालू होतं. "आईला फेफऱ्याच्या गोळ्या चालू आहेत असं पाहुण्यांना कळलं तर सोयरीक होईल का?" हे वाक्य मात्र तो हळू आवाजात बोलला.

मावशी बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. पदर उजव्या गालासमोर घट्ट धरलेला, पण गालाला लागू न देता. रस्त्यावरून टेम्पो गेला, वाऱ्याची झुळूक आली आणि त्यांचे डोळे गच्च मिटले. काही सेकंद तशाच. मग श्वास सोडला. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या शिरेतून विजेचा शॉक बसावा तशी कळ जाते, सेकंदांत थांबते, पुन्हा येते. दात घासणं, चूळ भरणं, बोलणं, गार वारा, काहीही निमित्त पुरतं. मावशींच्या दोन दाढा आधीच काढून झाल्या होत्या. कळ होती तिथेच.

मी मुलाला म्हटलं, मोबाईलने अर्धंच सांगितलं. हे रसायन 1953 साली बाझलच्या गायगी कंपनीत वॉल्टर शिंडलर यांनी तयार केलं. अमेरिकेत त्याला 1968 मध्ये पहिली मंजुरी मिळाली ती ह्याच चेहऱ्याच्या दुखण्यासाठी. फिटसाठीची मंजुरी त्यानंतर, 1974 मध्ये. शिरेतून संदेश जातो तो सोडियम आत शिरल्यामुळे. शीर बिघडली की ती थांबायचं नावच घेत नाही, आणि ही गोळी सोडियमचा तो मार्ग रोखून धरते. "म्हणजे ठिबकचा व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय," तो म्हणाला. चालेल.

आमच्या फिटच्या औषधांच्या खणातलं बरंचसं औषध फिट नसलेल्यांच्याच घरी जातं. व्हॅलप्रोएट अर्धशिशीला आणि मूडच्या आजारालाही देतात, प्रीगाबालिन डायबेटिसमुळे तळपायाची आग होणाऱ्यांना. आणि समजा एखाद्या घरात खरंच फिटचा आजार असला, तरी काय बिघडलं? लग्न रद्द ठरवण्याच्या कारणांतून अपस्मार कायद्यानेच 1999 मध्ये काढून टाकलाय. सोयरीक जमवणाऱ्यांपर्यंत ते अजून पोचायचंय, एवढंच.

त्याचा राग उतरला, पण स्ट्रिप परत घ्यायची मागणी काही मागे जाईना. "दुखणं कमी झालं होतं हो, खोटं का बोलू. पण ही गोळी आईला सोसत नाही. चालताना भेलकांडते. काल म्हणाली, ताटात दोन दोन भाकरी दिसतात."

चक्कर आणि झोप ही ह्या गोळीची ओळखीची तक्रार, पण ती सुरुवातीला येते किंवा डोस वाढवल्यावर. डोस तर तोच होता. मी विचारलं, भेलकांडणं कधीपासून? "सोमवारपासून." सोमवारी नवीन काय झालं? काही नाही. खोकला? हां, खोकल्यासाठी गावात दाखवलं होतं. मी पिशवी उलटी करायला लावली. टिफिनच्या डब्याखालून दुसरी स्ट्रिप निघाली, क्लॅरिथ्रोमायसिनची.

यकृतातलं जे एन्झाइम कार्बामाझेपिनचा निचरा करतं, त्यालाच ही अँटिबायोटिक अडवते. मग रोजचीच गोळी रक्तात साठत जाते आणि जास्त डोस घेतल्यासारखं होतं. एकाच्या दोन वस्तू दिसणं, तोल जाणं, सगळं त्यातलंच. गावच्या डॉक्टरांना आधीची गोळी सांगितली नव्हती का? मुलगा जमिनीकडे बघत राहिला. "त्यांचा कंपाउंडर आमच्या भावकीतला आहे."

मी न्यूरोच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी अँटिबायोटिक लगेच थांबवायला सांगितली आणि पेशंटला तशीच उलट पाठवायला. कार्बामाझेपिन मनाने बंद करायची नाही, पुढचा डोस किती हे तपासून सांगतो म्हणाले. रक्तातलं सोडियमही बघायचं होतं, कारण म्हाताऱ्या माणसांत ह्या गोळीने ते उतरतं. अंगावर चट्टे किंवा तोंडात फोड आले तर वाट न बघता त्याच दिवशी दाखवा, हे मी पुन्हा एकदा बजावलं. पहिल्या वेळीही सांगितलं होतं, पण तेव्हा दोघांचं लक्ष कळीकडे होतं.

सोडियम किंचित कमी निघालं, काळजीचं नव्हतं. खोकल्याला दुसरं औषध मिळालं, चक्कर दोन-तीन दिवसांत गेली आणि गोळी जुन्याच डोसवर चालू राहिली.

पुढच्या चिठ्ठीला मावशी स्वतः काउंटरशी आल्या. पदर खांद्यावर होता. गोळीबद्दल मी काही बोलायच्या आत त्यांनी तोंड उघडून रिकामी जागा दाखवली. "शिरेचं होतं, मग माझ्या दाढा का काढल्या गं?"

मी सांगितलं, कळ दातातच जाणवते मावशी, म्हणून आधी दातावरच संशय जातो. तुमच्यासारखे पुष्कळ आहेत.

"चांगल्या होत्या दोन्ही," त्या म्हणाल्या, आणि मुलाला पैसे द्यायला सांगितले.